नदी असेल तिथं हद्द

टोपलीकाकूंना कुणी ‘चांगली बाई’ म्हटलं की त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा व्हायचा. “चांगली असते तर केव्हाच मेले असते,” त्या म्हणायच्या. “मी जिवंत आहे ती रागावर. राग फार पौष्टिक असतो.” आणि खरंच, बासष्टाव्या वर्षी त्यांचे दात शाबूत होते, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी होती आणि बोटं अशी, की नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाचा ओला, लवचिक फोक हातात आला की पाच मिनिटांत तो टोपलीचं बूड होऊनच सुटायचा. एवढं सगळं फक्त एका माणसाच्या नावानं टिकवलेलं. तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. लोक त्याला ‘भट्टीवाले’ म्हणत. काकू त्याला शिव्या घालतानासुद्धा ‘दादा’च म्हणत, लहानपणीची सवय, जाता जात नाही.

दोघांची घरं लांबून का होईना, समोरासमोर होती. मध्ये नदी.

ही नदी गावाजवळ आली की सरळ जायचं सोडून एक भलंमोठं वळण घ्यायची. निघायची, लांब पूर्वेला जायची, तिथं वळायची आणि परत जवळजवळ निघाली तिथंच यायची. त्यामुळं मध्ये जमिनीची एक लांबट जीभ तयार झाली होती. तीन बाजूंना पाणी आणि पश्चिमेला, गावाच्या बाजूला, एक अरुंद मान. काकूंचं घर त्या मानेपाशी, जिभेच्या मुळाशी. तिथून जिभेच्या शेंड्यापर्यंत त्यांची जमीन, आणि शेंड्यावर वाळुंजाची राई. शेंड्याच्या समोर, नदीपलीकडं, उंच काठावर दादाचं घर, विटांची भट्टी आणि विटांच्या होड्या लागायचा धक्का.

दोघांचे वडीलही टोपल्या विणायचे. राई त्यांनी लावलेली. पोरांना ते नदी शिकवायचे तीही टोपली विणता विणताच. “वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी धावतं, म्हणून ते काठ खातं. आतल्या अंगाला रेंगाळतं, म्हणून हातातली वाळू टाकून देतं. नदीचा एक हात चोराचा आणि एक दात्याचा. आपण कुठल्या हाताला बसलोय ते बघून बसावं.” पोरीनं हे मनात ठेवलं. पोरगा तोवर चिखलाचे घोडे करण्यात रमला होता. पुढं त्यानं चिखलाचाच धंदा काढला. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, आणि भट्टीवाले बोलण्यात असे तयार, की ओली वीटसुद्धा भाजलेली म्हणून गळ्यात मारतील.

वडील गेल्यावर वाटणीचा कागद झाला. पलीकडचं दादाचं, अलीकडचं बहिणीचं. मोजणीदार लिहून उठणार, एवढ्यात दादा म्हणाले, “थांबा साहेब. नदी सरकली तर काय? असं लिहा, की नदी असेल तिथं हद्द. म्हणजे उद्या भांडण नको.”

“बघा, भाऊ किती पुढचा विचार करतो,” मोजणीदार म्हणाला.

काकूंनी सही केली. त्या वेळी त्या एकेचाळीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या आणि भावावर विश्वास असलेल्या होत्या. तिन्ही गोष्टींत बदल करायला वाव होता. बदल झाला तो तिसरीत.

दुसऱ्याच वर्षी मोठा पूर आला. पाणी जिभेच्या शेंड्याला वळसा घालायला कंटाळलं आणि राईच्या मागून, सखल पट्ट्यातून, सरळ आरपार गेलं. पूर ओसरला तेव्हा नदी राईच्या अलीकडून वाहत होती. राईच्या पलीकडचं जुनं पात्र गाळानं भरून गेलं आणि राई दादाच्या काठाला जाऊन चिकटली.

आठव्या दिवशी काकूंना कुऱ्हाडीचे आवाज ऐकू आले. त्या धावत काठावर गेल्या. पलीकडं सहा माणसं राई तोडत होती आणि दादा कमरेवर हात ठेवून उभे होते.

“दादा! अरे बाबांची राई ती!”

“कागद बघ!” दादा ओरडले. नदी रुंद होती, त्यामुळं दर वाक्य ओरडूनच बोलावं लागायचं, आणि अर्धं गाव काठावर कपडे धूत ऐकायचं. “नदी असेल तिथं हद्द! माझ्या बाजूला आली ती माझी!”

“निदान लावायला फोक तरी दे! एक मोळी!”

“भट्टीला लाकूड कमी पडतंय!”

“मी विणू काय मग?”

“स्वेटर विण!” दादा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदाला हसले. तोडणारेही हसले. कपडे धुणारेही थोडे हसले. नंतर त्यांना वाईट वाटलं, पण हसू आधी येतं.

त्रेसष्ट झाडं होती. चार दिवसांत आडवी झाली आणि अकरा दिवस भट्टीत जळली. वारा काकूंच्या घराकडं होता. शेजारणी म्हणाल्या, खिडक्या लावून घ्या हो, धुरानं डोळे जातील. काकूंनी सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि अकराही दिवस मध्ये पाट टाकून बसल्या. “हा वास मला नीट लक्षात ठेवायचाय,” त्या म्हणाल्या. बाराव्या दिवशी अंघोळ केली, केस धुतले आणि ठरवलं: त्याच कागदानं त्याचं घर नदीत घालायचं. आपण हात लावायचा नाही. नदीनं घ्यायचं, कायद्यानं घ्यायचं आणि त्यानं काठावर उभं राहून बघायचं.

आता, दादांनी त्या राईबरोबर काय तोडलं हे त्यांना कळलं नव्हतं. वाळुंजाच्या मुळ्या म्हणजे काठाचं विणकाम. जमिनीवर दिसतं झाड, जमिनीत असते टोपली. आणि त्या टोपलीत काठाची माती भरलेली असते. दादांनी बाहेरच्या अंगाची ती टोपली उसवली. वर विटांसाठी काठालाच खड्डे पाडले. नदीला एवढं आमंत्रण पुरेसं असतं.

पण काकूंना नदीवर सगळं सोडून देणं पटणारं नव्हतं. सूड दुसऱ्यावर सोपवला की अर्धामुर्धा होतो. दोन्ही काठांचा माल वाहणाऱ्या नावाडीबुवांनी त्या कुऱ्हाडीच्या दिवसांत, होडीच्या तळाशी गोणपाटाखाली लपवून, फोकांची एक मोळी काकूंना आणून दिली होती. “मी दिली म्हणून सांगू नका,” ते म्हणाले. “मला त्यांच्या विटा वाहायच्या असतात.” काकूंनी त्यातले निम्मे फोक घराभोवती लावले. उरलेल्यांची रोपं वाढली तसा दर उन्हाळ्यात, पाणी गुडघ्याएवढं झालं की, त्या जिभेच्या शेंड्याला पाण्यात उतरायच्या, हातभर अंतरावर खुंट्या ठोकायच्या आणि त्यांत फोकांचा कूड, म्हणजे कुंपणाची भिंत, विणायच्या, टोपली विणतात तसाच, एक आत एक बाहेर. त्या कुडाच्या मागं पाणी थबकायचं. थबकलेलं पाणी गाळ टाकायचं. पुढच्या उन्हाळ्यात तिथं जमीन असायची. तीत फोक लागायचे, आणि कूड चार पावलं पुढं जायचा.

इकडं नदीला जागा कमी पडली की ती तिकडं सरकायची. तिकडं म्हणजे दादाकडं.

पहिली सहा वर्षं दादांना वाटलं, या वयात बहीण मासे धरायला लागली. सातव्या वर्षी, उघडी पडलेली राईची जमीन पार संपल्यावर, त्यांच्या विटा वाळवायच्या अंगणाचा एक कोपरा दुपारी जेवणाच्या वेळी ‘भुस्स’ असा आवाज करून गेला. त्यावर तीन हजार कच्च्या विटा होत्या. त्या जिथून खणल्या होत्या तिथंच परत गेल्या.

काकूंनी पलीकडून विचारलं, “दादा! काय पडलं रे?”

“काही नाही!”

“मग काही नाही ते माझ्याकडं वाहत आलंय! कागद बघतोस का?”

तेव्हापासून त्यांचा एक नेम झाला. दर पूर ओसरल्यावर काकू शेंड्यावर यायच्या, डोळ्यांवर हात धरायच्या आणि दादाच्या घराच्या पायरीपासून काठापर्यंतची पावलं नजरेनं मोजायच्या. घरी येऊन दाराच्या चौकटीवर कोयत्यानं खाच पाडायच्या. अठ्ठेचाळीस पावलं. एकेचाळीस. चौतीस. पंधराव्या वर्षी भट्टीचं धुराडं गेलं; दादांनी मग भट्टी घरामागं उभारली. धुराडं पडायचं होतं त्याच्या आदल्या दिवसापासून काकू डबा घेऊन काठावर बसल्या होत्या. पडलं तेव्हा त्या टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या, आणि मग एकदम आठवून खाली बसल्या. एवढ्यात टाळ्या नकोत. घर बाकी आहे.

दादांना एकच बायको होती आणि काकूंना एकच वहिनी, आणि ही बाई दोन्ही काठांवर राहायची असं म्हणायला हरकत नाही. नवऱ्याचा डोळा लागला की ती नावेत बसून नणंदेकडं यायची. वहिनीच्या पोटात तीळ भिजत नसे. पलीकडचं सगळं ती अलीकडं ओतायची आणि परत जाताना अलीकडचं भरून न्यायची. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, आणि दोघींनाही ते कबूल नव्हतं.

“वन्सं, आता पुरे करा,” वहिनी म्हणायची. “रात्री पाण्याचा आवाज उशाशी येतो. पायरीपासून दहा पावलं राहिलीत.”

“नऊ,” काकू म्हणायच्या. “त्यानं ‘माझं चुकलं’ म्हणावं. एकदाच. ओरडून. कपडे धुणाऱ्यांना ऐकू जाईल असं.”

“ते म्हणायचे नाहीत हो. मरतील, पण म्हणायचे नाहीत.”

“मग नदीला नऊ पावलं चालायला किती वेळ लागतो?”

विसाव्या वर्षी काठ पायरीपासून पाच पावलांवर आला. काकूंना रात्री झोप लागायची ती लहान मुलाला जत्रेच्या आदल्या दिवशी लागते तशी. एका सकाळी नावाडीबुवा टोपल्या न्यायला आले. टोपल्या होडीत रचून झाल्या तरी ते निघेनात. चहा प्यायले, परत मागितला.

“काय आहे?” काकूंनी विचारलं. “तुम्ही दोनदा चहा पिता तेव्हा कुणाचं तरी वाईट झालेलं असतं.”

“अजून झालेलं नाही.” बुवांनी कपातल्या गाळाकडं बघितलं. “काकू, तुम्ही वीस वर्षं जिभेचा शेंडा बघताय. मानेकडं मान वळवून कधी बघितलंत?”

“तिथं काय आहे?”

“तेच तर. तिथं काही राहिलेलं नाही. वरची नदी उत्तरेनं खातेय, परत येणारी नदी दक्षिणेनं खातेय. तुम्ही शेंडा पुढं ढकलला तसं पाणी जास्त जोरात भिरभिरतं आणि येता-जाता मान कुरतडतं. मला जिभेला वळसा घालायला अर्धा दिवस लागतो. परवा मी होडी बांधून मानेवरून चालत गेलो. पलीकडचं पाणी गाठेपर्यंत चिमटीतली तंबाखूही मळून झाली नव्हती. जीभ लांबली की मान बारीक होते, काकू. एक चांगला पूर आला की नदी हा सगळा वळसा सोडून देणार आणि मानेतून सरळ जाणार.”

काकू दोर घेऊन उठल्या. मान मोजली. लहानपणी तिथं चारशे पावलं असायची. आता एकतीस भरली. दोर गुंडाळता गुंडाळता त्या मधेच थांबल्या, आणि मान पुन्हा एकदा मोजली. तेवढीच.

हिशेब सोपा होता. नदी मानेतून गेली, की ती काकूंच्या घराच्या मागून, गाव आणि घर यांच्या मधून, वाहणार. म्हणजे घर, जीभ, वीस वर्षांत उभी केलेली नवी राई, सगळं नदीच्या दादाच्या बाजूला. आणि कागद काय म्हणतो? नदी असेल तिथं हद्द. एका दुपारच्या पुरात सगळं दादाचं होणार, आणि वर त्याचं घरही वाचणार. आपल्याच हातांनी, एक आत एक बाहेर विणत, आपण हे करून ठेवलं! दादा कुऱ्हाडी घेऊन येईल. यंदा झाडं जास्त आहेत. धूर महिनाभर पुरेल.

“कागद बदलून घ्या,” बुवा म्हणाले. “दगड पुरून हद्द कायम करा.”

“मी मागितलं तर तो देईल?”

“छे. तुम्ही मागितलं तर तो विचार करेल, ही का मागते. आणि मग मानेकडं बघेल.”

काकूंनी दोराला एक गाठ मारली आणि परत सोडली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही आलं की नावाडीबुवांनी, कुणी सांगायच्या आतच, कप खाली ठेवला आणि होडी सोडली. काही गोष्टींत साक्षीदार नसलेलं बरं.

वहिनी तिसऱ्या दिवशी आली. काकू फोक सोलत बसल्या होत्या. तोंड न वळवता म्हणाल्या, “वहिनी, एक गोष्ट सांगते, पण तुमच्या पोटात ठेवा. दादाला कळता कामा नये.”

वहिनी पुढं सरकून बसली.

“मला रात्रंदिवस एकच भीती वाटते. दादाला सुचलं आणि तो मोजणीदाराकडं गेला, की बाबा, नदीची हद्द नको, आज आहे तिथं दगड पुरा. तर संपलं! मग नदीनं त्याचं घर खाल्लं तरी जागा त्याचीच राहील. पाणी हटलं की परत बांधेल. माझी वीस वर्षं पाण्यात! मी तर ठरवलंय, काय वाट्टेल ते होवो, कागदाला हात लावू देणार नाही. पण सुचायचं नाही म्हणा त्याला. डोकं कुठं आहे?”

“डोकं नाही कसं?” वहिनी नवऱ्याच्या बाजूनं थोडी रागावली. मग तिला एकदम घरी काहीतरी काम आठवलं. आली त्याच नावेनं ती परत गेली.

दादांचा अर्ज पाचव्या दिवशी मोजणीदाराकडं पडला.

आणि मग काकूंनी जो तमाशा केला तो गाव अजून सांगतं. त्या काठावर उभ्या राहून दोन दिवस ओरडल्या. दादाला चोर म्हटलं, भित्रा म्हटलं, बाबांच्या नावाला काळिमा म्हटलं. “दिलेला शब्द फिरवतोस? तूच लिहून घेतलास ना? नदी असेल तिथं हद्द!”

“तेव्हाचं तेव्हा!” पलीकडून दादा.

“भोगायची वेळ आली की तेव्हाचं तेव्हा!”

“तुझे डाव मला कळत नाहीत वाटतं?” दादा इतके खूश होते की त्यांचा आवाज चिरकत होता. “कळलं कळलं! झोंबलं ना?”

मोजणीदार आता नवा होता, तरुण, आणि दोघांनाही घाबरलेला. त्याच्या कचेरीत दोघं भावंडं वीस वर्षांनी एका बाकावर बसली. मध्ये वहिनी, बांधासारखी. मोजणीदार लिहू लागला, “आज रोजी नदीपात्राच्या मध्यावरून…”

“असं नाही,” दादा म्हणाले. “मी सांगतो तसं लिहा. नदी पुढं कुठंही, कशीही आणि कोणत्याही बाजूनं गेली, तरी हद्द दगडांचीच. अलीकडची जमीन कायम तिची, पलीकडची कायम माझी. कायम हा शब्द दोनदा आला ना? येऊ दे. हिला पळवाट ठेवायची नाही.”

काकू हुंदका देऊन म्हणाल्या, “एवढा निष्ठुर होऊ नकोस दादा.”

“तीनदा लिहा,” दादा म्हणाले.

सही करताना काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वहिनीला त्यांची दया आली. पदराआड काय होतं ते काकूंनाच माहीत. पण घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं, उशी तोंडावर घेतली, आणि त्यात हसल्या की रडल्या हे त्या उशीलाही सांगता आलं नसतं. दोन्ही काठांवर दगड पुरले गेले. मोजणीदारानं त्यांवर चुना फासला. दादा रोज सकाळी त्यांच्याकडं बघत चहा प्यायचे. म्हणायचे, “दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण कामाला शेवटी दगडच येतो.”

काकूंनी त्या उन्हाळ्यात कूड विणला नाही. मानेपाशी मात्र चारदा जाऊन आल्या. घराभोवतीच्या वाळुंजांच्या बुडाशी माती ओढली. खोल्यांतलं सामान माळ्यावर चढवलं.

पूर आला तो सकाळी नऊच्या सुमाराला, वरच्या डोंगरांतून, तांबडा आणि घाईत. काकू माळ्याच्या खिडकीत बसल्या. साडेदहाला मानेवरून बोटभर पाणी गेलं. अकराला त्यानं स्वतःसाठी चर पाडला. मग चराचे दोन्ही काठ, सुरी फिरवावी तसे, तुकड्यातुकड्यानं उतरत गेले. प्रत्येक तुकड्यावर गवत तसंच उभं, झाडाचं रोप तसंच उभं, आणि सगळं उभ्याउभ्याच निघून जात होतं. साडेबाराला मान नव्हती. तिथं नदी होती, आणि तिला बघून वाटावं की ही इथंच जन्मापासून वाहतेय. काकूंच्या घराच्या मागचा काठ सुटत सुटत परसात आला, वाळुंजांपाशी आला, आणि तिथं त्याला मुळ्या लागल्या. नदीनं दोन तास त्या ओढून बघितल्या. एक झाड गेलं, दुसरं कललं. घर राहिलं. अकरा पावलांवर.

काकूंनी चौकटीवरच्या जुन्या खाचांखाली नवी खाच पाडली, स्वतःच्या घराची. नदीचं ऋण नाही ठेवायचं. तिनं आपल्यालाही मोजलं पाहिजे.

चार दिवसांनी दादाच्या धक्क्याखालचं पाणी थांबलं. थांबलं म्हणजे अगदी थांबलं. त्यात पान टाकलं तर ते तिथंच बसून राहायचं. जुना वळसा आता घोड्याच्या नालासारखं एक डबकं झाला होता. त्याच्या दोन्ही टोकांना नव्या नदीनं वाळूचे बांध घातले. दादांचं घर पाच पावलांवर वाचलं, हे खरं. वहिनीनं आनंदानं शेजाऱ्यांना गोड वाटलं. दादांनीही एक दिवस आनंद केला. दुसऱ्या दिवशी विटांच्या होड्या यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत. कशा येणार? नदी आता मैलभर पश्चिमेला, काकूंच्या परसातून, जात होती. दादांच्या उत्तरेला खडकाचा कडा, दक्षिणेला दलदल. नदीपर्यंत जायला एकच वाट, जिभेवरून, शेंड्यापासून मुळापर्यंत. आणि जीभ कायम, कायम, कायम काकूंची.

दादांना हे कळायला अख्खी सकाळ लागली. मग त्यांनी जुना कागद शोधला. सापडला. वाचला. ‘नदी असेल तिथं हद्द.’ तो कागद जिवंत असता तर घर, राई, जीभ, नवा काठ, सगळं त्यांचं होतं. मग त्यांनी नवा कागद काढला आणि त्यातलं स्वतःचं वाक्य वाचलं. वहिनी सांगते, की त्यानंतर त्यांनी विचारलं, “दगडाचं तुला कुणी सुचवलं होतं गं?” आणि वहिनीला घरात पुन्हा एकदा काहीतरी काम आठवलं.

आठवडाभर दादा अडून बसले. भाजलेल्या विटांचे ढीग वाढत गेले. नवव्या दिवशी त्यांनी चांगले बूट घातले, डबक्याच्या गाळावर फळ्या टाकल्या आणि एकवीस वर्षांनी जिभेवर पाऊल ठेवलं. दोन्ही बाजूंना वाळुंजं होती, आपली राई होती त्याच्या तिप्पट. ती बघत बघत, बूट चिखलात हरवत हरवत, ते काकूंच्या दारात पोचले तेव्हा एका पायात बूट होता.

काकू उंबऱ्यावर टोपलीचा काठ वळत बसल्या होत्या.

“बस,” त्या म्हणाल्या.

“वाट हवी,” दादा म्हणाले.

“दुसरं काही म्हणायचं असेल तर आधी म्हण. इथं ओरडायचीही गरज नाही. मध्ये नदी नाही आता.”

दादांनी नदीकडं बघितलं, छपराकडं बघितलं, उरलेल्या बुटाकडं बघितलं. ओठ हलले. “वाट हवी,” ते परत म्हणाले.

काकूंनी मान हलवली. त्यांना हे अपेक्षित होतं. वहिनी खोटं बोलत नसे. एकवीस वर्षं ज्या दोन शब्दांसाठी घालवली ते या माणसात नव्हतेच. दगडातून पाणी काढणं नदीला जमतं, माणसाला नाही. पण नाही म्हणून सोडून द्यायच्या त्या नव्हत्या.

“देते. गाडी नाही, चाकानं माझी नवी जमीन बसेल. विटा टोपल्यांतून, डोक्यावरून. टोपल्या माझ्या. आणि दर होडीमागं एक फोक लावायचास. माणसांनी नाही, तू. तुझ्या हातानं, गुडघ्यावर बसून. त्रेसष्ट झाले की बोलू.”

“मी अडुसष्ट वर्षांचा आहे.”

“म्हणून घाई कर. वर्षाला होड्या किती होतात तुझ्या?”

“आता… चार-पाच.”

“मग ऐंशी ओलांडून जगायला लागेल. राग धर माझ्यावर, जगशील.”

पहिली होडी काकूंच्या परसात लागली त्या सकाळी नावाडीबुवा टोपल्या रचायचं सोडून काठावर येऊन बसले. कपडे धुणारी मंडळीही नव्या नदीपलीकडच्या गावकाठावर जमली. तिथून सगळं स्पष्ट दिसत होतं. भट्टीवाल्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओल्या गाळात बसले, काकूंनी दिलेला फोक हातात घेतला आणि जमिनीत खुपसला.

“उलटा,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“फोक उलटा लावलास. कोंब वर असतात. टोपलीवाल्याचा मुलगा ना तू?”

पलीकडं कुणीतरी खुसखुसलं. दादांनी फोक उपसला आणि सुलटा केला. कपाळाला चिखल लागला.

“आणखी खोल,” काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात मोजायची काठी होती आणि आवाज अगदी मऊ होता. “अजून. कोपरापर्यंत. तुझ्याच काठाची माती आहे दादा, माझ्याकडं वाहत आलेली. ओळखतोस ना?”

दादांनी कोपरापर्यंत हात घातला. काकूंनी काठी लावून बघितली, डोळा बारीक केला, मग वाकून तो फोक दोन बोटांनी अलगद उपटला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“वाकडा आहे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा.”